भिंतीवरची भरती

१९९९ साली वेल्ह्याहून पासलीला दिवसातून दोन एसटी जात, आणि दोन्ही वेळा गाडी येणार की नाही यावर थांब्यावरच्या लोकांची पैज लागे. पासलीला उतरलं की पुढे पाऊण तास भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालायचं, मग आमची वाडी. वाडीच्या टोकाला शाळा. वर कौलं, एक वर्गखोली, चौदा मुलं आणि एक शिक्षिका. ती मी. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. सोमवारी पहाटे भोरहून निघायचं, कापूरहोळला गाडी बदलायची, वेल्ह्यात चहा घ्यायचा, आणि शनिवारी दुपारी हेच सगळं उलट. मधले दिवस मी वर्गाला लागूनच असलेल्या खोलीत राहत असे. भोरच्या मैत्रिणी विचारत, "सौदामिनी, करमतं तरी कसं तुला तिथे?" खरं सांगते, आज अठ्ठ्याहत्तरी गाठल्यावर मागे वळून बघते तेव्हा सगळ्यांत मजेची वर्षं तीच दिसतात.

वाडीत पुरुष कमीच. शिमग्याला आणि लावणीला येत, एरवी सगळे मुंबईला. कोणी गोदीत, कोणी गोदामात पोती वाहायला. "वडील कुठे आहेत?" विचारलं की मुलं म्हणत, "मुंबैला." मुंबई कुठे आहे विचारलं की सगळी मिळून खिडकीतून पश्चिमेच्या डोंगराकडे बोट करत. मी महाराष्ट्राचा नकाशा काढून दाखवला. त्यात मुंबई म्हणजे एक काळा ठिपका. तिसरीतला गेनू तो ठिपका बघून हिरमुसला.

"बाई, एवढ्याशात माझा बा मावंल कसा?"

म्हणून मी भोरहून हाशिम पेंटरला बोलावून घेतलं. हाशिम म्हणजे भोरमधल्या निम्म्या पाट्या आणि सगळ्या टेम्पोंच्या मागची कमळं. तरुणपणी त्यानं चार वर्षं मुंबईत पाट्या रंगवल्या होत्या. येताना तो तिथल्या रस्त्यांचं एक जुनं पुस्तक घेऊन आला आणि वर्ग व माझी खोली यांच्या मधल्या भिंतीवर त्यानं पुरुषभर उंच मुंबई काढली. जमीन पिवळी, समुद्र निळा, रेल्वे काळी. दोन दिवस मुलं त्याच्या भोवतीनं हलली नाहीत. जाताना वाडीनं त्याला पायलीभर आंबेमोहर बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी बायका मुंबई बघायला आल्या. गेनूची आई अंबूबाई सगळ्यांत पुढे.

"बाई, ह्यात उमरखाडी कुठं हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिनं कपाळावरची मरून रंगाची टिकली काढली आणि अलगद तिथे चिकटवली.

"हितं माझं धनी."

"अगं, जरा बाजूला लाव," मागून सखूबाई म्हणाली. सखूबाई अंबूबाईची शेजारीण, आणि तिच्या जिभेला सुट्टी नसे. "डोस्क्यावरच बसवलीस बिचाऱ्याच्या!"

आठवड्याभरात नकाशावर चौदा टिकल्या झाल्या. कोणाचा परळला, कोणाचा माझगावला, कोणाचा शिवडीला. मुलं येता-जाता आपापल्या बापाला हात लावत. हात लावून टिकल्या पडत, आणि मुलं पडलेली टिकली दिसेल तिथे चिकटवत. एकदा सखूबाईची परळची टिकली उमरखाडीला लागली, तेव्हा जे काही बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. त्यानंतर मी प्रत्येक टिकलीच्या पाठीला कागदाची छोटी चकती लावली, चकतीवर निळ्या शाईनं मुलाचा हजेरीतला नंबर घातला आणि मग खळीनं टिकली भिंतीला लावली. पडली तरी उलटून बघायचं, की कोणाची ते कळे. गेनूचा नंबर अकरा.

संक्रांत झाली. पासलीच्या डोंगरावर जानेवारीत हवा इतकी कोरडी असते की पाटीवरची ओली बोटं बघता बघता सुकतात. अशा एका दुपारी, सव्वाबाराच्या सुमारास, मुंबईच्या निळ्या समुद्रातून ओलीची एक बारीक रेघ पिवळ्या जमिनीत शिरलेली मला दिसली. बोटाएवढी रुंद. मी फळ्याकडे वळले, गणित लिहिलं, परत बघितलं तर ती वीतभर आत आली होती. पावणेदोनला ती मागे सरली. तीनला भिंत कोरडी.

मला हात लावून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. वर कौलांत बघितलं, काही नाही. भिंतीच्या मागे माझीच खोली. तिथे मुलांना वाटायच्या तांदळाची पोती रचलेली होती. पोती सरकवून मागून भिंत चाचपली, ठणठणीत कोरडी. पाण्याचा नळ वाडीत नव्हताच. विहीर अर्ध्या मैलावर.

दुसऱ्या दिवशी ओल एक वाजता आली. तिसऱ्या दिवशी पावणेदोनला.

त्या तिसऱ्या दिवशी मी ओलीवर बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. खारट.

माझं माहेर दिवेआगरचं. लहानपणी वडिलांनी शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती पूर्ण. पौर्णिमेला सव्वाअकरा, पंचमीला पावणेचार. मी कॅलेंडर काढलं आणि मागच्या तीन दिवसांच्या तिथींची पाऊणपट केली. ओल रोज पूर्ण भरतीच्या बरोबर अर्धा तास आधी येत होती. मी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं आणि मुलांना म्हटलं, "चला, बाराचा पाढा." मुलांनी नेहमीपेक्षा जोरात म्हटला. मला ते बरं वाटलं.

ओल दिवसाच्याच भरतीला येई, आणि सगळ्या नकाशावर पसरत नसे. ठराविक वाटांनीच आत येई, ठराविक ठिकाणी वळे. तेरा टिकल्या कोरड्या राहत. फक्त एक वाट बरोबर उमरखाडीवरून जाई. खळ भिजे, आणि अंबूबाईची टिकली टपकन खाली पडे.

पहिल्या दिवशी तिनं हसून उचलली. दुसऱ्या दिवशी हसली नाही. तिसऱ्या दिवशी बायका आपसांत हळू बोलायला लागल्या. कपाळाची टिकली, तीही नवऱ्याच्या नावानं लावलेली, रोज गळून पडते म्हटल्यावर काय बोलत असतील ते सांगायला नको. त्यात सावळारामचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, संक्रांतीलाही पत्र आलं नव्हतं.

"बाई," शाळा सुटल्यावर अंबूबाई एकटीच थांबली. "पुसून टाका ती मुंबै. चुना मारा."

वर्गात रेंगाळलेला गेनू रडायलाच लागला. "मग बा कुठं दिसंल?"

मी म्हटलं, "चार दिवस थांब. मी भोरला जाऊन येते. मग तू म्हणशील तसं."

भोरमध्ये मी आधी हाशिमकडे गेले. तो दुखावला. "बाई, माझ्या रंगाला पाणी सुटत न्हाई. बाकी कुनाच्या बी सुटंल." पुढच्या आठवड्यात तो स्वतः ऑइलपेंटचा डबा घेऊन वाडीवर आला, दोन हात मारून गेला. ओल दोन्ही हातांतून बाहेर आली.

मग मी ओलीच्या वाटा पतंगाच्या कागदावर पेन्सिलीनं उतरवून घेतल्या आणि माझ्या यजमानांना दाखवल्या. रघुवीर कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. लहानपणी गिरगावात काकांकडे राहिलेले, त्यामुळे मुंबईबद्दलच्या चमत्कारिक गोष्टी जमवायचा त्यांना छंद. जेवताना एक तरी सांगत, मी ऐकत नसले तरी. त्यांनी कागद बघितला, उठले, भोरच्या वाचनालयातून आणलेलं एक जाड पुस्तक काढलं आणि त्यातल्या जुन्या नकाशावर माझा कागद ठेवला.

रेघ रेघेवर बसली.

"ही मुंबई हाशिमनं काढलेली नाही," ते म्हणाले. "ही तीनशे वर्षांपूर्वीची. मुंबई म्हणजे तेव्हा सात बेटं. मधे खाड्या. पुढे दगडमाती टाकून बुजवल्या आणि एकच जमीन केली. एका बेटाचं नाव काय होतं माहितीये? म्हातारीचं बेट."

"माझ्यासाठी राखून ठेवलं असेल."

"आणि पायधुणी. ओहोटीला लोक खाडी चालत ओलांडायचे आणि पलीकडे जाऊन पाय धुवायचे, म्हणून पायधुणी. आता तिथे भर बाजार. समुद्र कुठे शोधून सापडायचा नाही. तुझी ती उमरखाडीही त्यातलीच. आणि एक गंमत..." त्यांच्या गमती एकदा सुरू झाल्या की भाजी गार होई. "पंचावन्न सालापर्यंत मुंबईची वेळच वेगळी होती. सगळ्या देशाच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. काकांच्या घरात दोन घड्याळं. एक देशाचं, एक मुंबईचं. मुंबई पहिल्यापासून जरा मागूनच चालते."

"पण माझ्या भिंतीत पाणी येतं कुठून?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "ते या पुस्तकात नाही."

सोमवारी मी बायकांना जमवून सगळं समजावून सांगितलं. बेटं, खाड्या, पायधुणी. त्यांना फार मजा वाटली. सखूबाई परळचं बेट बघून आनंदली. "माझं धनी कोरड्यात हायत बगा. पयल्यापासनंच हुशार." सगळ्या हसल्या.

अंबूबाई भिंतीकडे बघत होती.

"म्हंजी माझं धनी खाडीत ऱ्हात्यात."

"अगं, खाडी कधीच बुजवली. दीड-दोनशे वर्षं झाली."

"तुमी म्हंता बुजवली," ती म्हणाली. "खाडीला कुनी सांगितलंय का पर?"

चुना मारायचं मात्र तिनं परत काढलं नाही. तिनं दुसराच उपाय शोधला. भरतीची वेळ तिथीवरून कशी काढायची ते माझ्याकडून शिकून घेतलं, आणि रोज त्या वेळी हातातलं काम टाकून शाळेत यायला लागली. नकाशासमोर उभी राहायची, उजवा अंगठा टिकलीवर दाबून. ओल येई, तिच्या अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाई, तासा-दीड तासानं ओसरे. टिकली पडत नसे. मग ती पदराला हात पुसून म्हशीकडे जाई.

मुलांना याची इतकी सवय झाली की कोणी मान वळवून बघेना. मी म्हटलं, नुसती उभी कशाला राहतेस, डावा हात मोकळाच आहे. तिच्या डाव्या हातात पाटी दिली. महिन्याभरात ती डाव्या हातानं अक्षरं काढायला लागली. पहिला शब्द लिहिला तो 'सावळाराम'. ळ उलटा होता. सखूबाई म्हणाली, "नवरा घसरून पडंल गं तुझा, सरळ कर त्याला." अंबूबाईनं पुसून सरळ केला. फेब्रुवारी संपताना तिनं स्वतःच्या हातानं नवऱ्याला कार्ड लिहिलं. 'तुमी बरे हाय का. लवकर या.' उत्तर आलं नाही.

मार्चमधल्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तिची म्हैस व्यायली. अडली होती. अंबूबाई गोठ्यातून निघू शकली नाही.

त्या दिवशी ओल एरवीपेक्षा रुंद आली. चार बोटं. मी मुलांचं वाचन घेत होते आणि एक डोळा टिकलीवर होता. टिकली पडली की उचलून ठेवू, एवढंच मनात.

ती पडली नाही.

दीड वाजता मी बघितलं तेव्हा ती जागेवर होती. मी पान उलटलं. परत बघितलं तेव्हा जागा रिकामी.

अंबूबाई धावत आली, हात कोपरापर्यंत भरलेले. तिनं खाली बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. मुलांची दप्तरं झटकली, बस्करं उचलली. गेनूनं केर गोळा केला, सखूबाईनं घरून चाळणी आणून तो चाळला. खडूचे तुकडे निघाले, एक मणी निघाला.

टिकली नव्हती.

अंबूबाई नकाशापाशी गेली आणि रिकाम्या जागेवर अंगठा ठेवून उभी राहिली. ओल ओसरेपर्यंत.

पुढचे बारा दिवस ती दुसऱ्याच्या घरी कामाला लागल्यासारखी कामं करत होती. कपाळावर दुसरी टिकली तिनं लावली नाही आणि कोणी लाव म्हणालं नाही. मी वेल्ह्याला जाऊन तिथल्या दुकानातून मुंबईला फोन करून बघितला, ज्या गोदामात सावळाराम कामाला होता तिथे. पलीकडून कोणीतरी "हो, हो" म्हणालं आणि फोन ठेवला.

होळीच्या संध्याकाळी पासलीच्या एसटीतून सावळाराम उतरला. धडधाकट, नवा सदरा, हातात मुलांसाठी खाऊचं पुडकं. बांधावरून येताना लांबून गेनूनं ओळखलं आणि जी बोंब ठोकली ती होळीची म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पत्र का नाही पाठवलं, तर म्हणे, "येनारच हुतो की. कार्ड घातलं आसतं तर म्याच आधी पोचलो आसतो." अंबूबाई आधी त्याच्याशी भांडली, मग रडली, मग त्याला पुरणपोळी वाढली. रात्री मला झोप छान लागली.

सकाळी धुळवड. मी दारात चहा घेत होते, तर अंबूबाई नवऱ्याला बाहीला धरून ओढत आणतेय, मागे अर्धी वाडी.

"बाई, ह्यो मानूस बगा! खिशात टिकली घेऊन हिंडतोय. कुनाची म्हनलं, तर म्हंतो भितीत घावली!"

"अगं, खरंच घावली..."

"भितीला काय टिकल्या येत्यात? टिकल्यांचं झाड हाय का त्ये?"

"मुंबैची भित हाय बाई," सखूबाई म्हणाली. "लई फॅशनवाली आसंल."

सावळाराम चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, हसरा माणूस. आता लाजून लाल झाला होता. त्यानं खिशातली चुन्याची डबी काढली आणि माझ्यापुढे उघडली. आत मरून रंगाची टिकली. मी ती उलटी केली.

पाठीला कागदाची चकती. चकतीवर निळ्या शाईत अकरा. माझं अक्षर.

मी ती अंबूबाईच्या तळहातावर ठेवली. तिला आता वाचता येत होतं.

"अकरा," ती म्हणाली.

मग सावळाराम सांगायला लागला.

"आमची खोली तिसऱ्या मजल्याव. नळ न्हाई तितं, पानी खालनं आनतो. संक्रांतीपासनं भितीला वल यायला लागली. यायची आन् जायची. आन् नवल म्हंजी, समदीकडं पानी, पर मदी अंगठ्याएवढी जागा कोरडी. रोज तीच. मागल्या पंधरवड्यात येक दिस ती कोरडी जागा न्हाई दिसली. बगतो तर तितं ही टिकली."

अंबूबाईनं आपला उजवा अंगठा मुठीत घेतला.

"आन् बाई, हसू नका. त्या भितीतनं पाढं ऐकू येत्यात."

"कसले पाढे?"

"पंधराचा. पोरांचा आवाज. 'पंधरा साते पाचोदरसे.' म्या म्हनलो खाली शाळा आसंल. खाली गोदाम हाय. भितीला कान लावला, तर भितीतनंच. गेनूचा आवाज वळखला म्या. आन् समदी पोरं गप झाली की मागनं येक पोरगी येकलीच म्हंती, 'पंधरा दाहे दीडशे, बास!'" तो हसायला लागला. "त्या 'बास'ला मला लई हसू आलं बगा. म्या खो खो हसलो. खोलीतली मानसं म्हनली, सावळ्या, डोकं फिरलं का रं?"

सगळी हसली. गेनूनं बापाला मिठी मारली. मीही हसले, पण माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. माझ्या शाळेत 'बास' म्हणणारी कोणी मुलगी नव्हती. आणि पंधराचा पाढा मी अजून शिकवलाच नव्हता. तो पुढच्या वर्षाचा.

"ही बी घ्या," सावळाराम डबी माझ्यापुढे करत म्हणाला. "टिकलीच्या शेजारीच हुती."

डबीच्या तळाशी एक हिरवी चमकी होती. ओढणीला लावतात तसली, चपटी, सदऱ्याच्या गुंडीएवढी, मधोमध भोक. पाठीला कागदाची चकती. चकतीवर पंधरा. अक्षर माझंच, पण घाईतलं. पाचाची शेपटी भोकापाशी अडून कागद जरासा फाटला होता.

माझी हजेरी चौदावर संपत होती.

मी ती चमकी माझ्या सुपारीच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही.

अंबूबाईनं टिकली कपाळाला लावली. चकतीसकट लावली, काढू दिली नाही. मग नवऱ्याकडे वळली. "आता मुंबै बास. टिकली भितीतनं गेली, उद्या मानूस जाईल. म्हशीचं दूध हाय, दोन खाचरं हायत, ऱ्हावा हितं." सावळारामनं सगळ्यांकडे बघितलं, कोणी त्याची बाजू घेत नाही असं दिसल्यावर म्हणाला, "बरं." इतक्या सहज मुंबई सोडलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. उमरखाडीच्या खोलीतली त्याची जागा रिकामी झाली, ती हाशिमनं आपल्या मेहुण्याला मिळवून दिली. त्याचं नाव वसीम.

जूनमध्ये वसीमची बायको नसरीन पासलीच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून आली. पासलीत खोली मिळेना, म्हणून आमच्या वाडीत सखूबाईच्या पडवीत राहिली. तिची मुलगी गुलफशा, सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. मी हजेरीत तिचं नाव लिहिलं. पुढचा नंबर आपोआप आला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नसरीन गुलफशाचा हात धरून वर्गाच्या दाराशी उभी राहिली.

"बाई, ही रात्रीपासनं रडतीय. सगळ्यांच्या अब्बाची खूण हाय, माझ्या न्हाई म्हंती. आमच्यात टिकली लावत न्हाईत, काय करायचं?"

तिच्या डोक्यावर ओढणी होती. ओढणीच्या काठाला हिरव्या चमक्या.

"ह्यातली एक चालंल का हो?" तिनं विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता एक तोडून माझ्या हातावर ठेवली.

मी कागदाची चकती कापली. लावली. अगदी सावकाश लिहायचं ठरवलं होतं. एक काढला, पाच काढला. तेवढ्यात मागे कोणीतरी कोणाची तरी वेणी ओढली, मी दचकून मान वर केली, आणि पेनाचं टोक भोकापाशी अडलं.

गुलफशानं चमकी स्वतः चिकटवली. उमरखाडीला, अंबूबाईच्या अंगठ्याचा डाग होता तिथे.

सुपारीची डबी मी त्या दिवशी उघडून बघितली नाही. ती अजून माझ्याकडे आहे, भोरच्या घरात, फळीवर. हलवली तर आत काहीतरी वाजतं.

दुपारी पाऊस उघडला होता. अमावास्या नुकतीच झालेली. घड्याळात एक वाजायला आला होता, आणि मी पंधराचा पाढा घेतला. मुलं छान म्हणत होती. पाचोदरसे, वीसासे, पस्तीसासे. नव्या शाळेत बुजलेली गुलफशा सगळ्यांच्या मागे पडत होती. सगळी संपवून गप्प झाली, तरी ती एकटी आपल्या बोबड्या आवाजात पुढे जात राहिली.

"पंधरा दाहे दीडशे, बास!"

वर्ग खळखळून हसला. नसरीन दारात हसली. मीही हसले.

खिडकीतून समोरचं खाचर दिसत होतं. अंबूबाई रोपांची जुडी हातात घेऊन नवऱ्याला काहीतरी सुनावत होती. सावळाराम पाठमोरा, गुडघाभर चिखलात, वाकून लावणी करत होता.

मुलांचं हसू थांबलं.

एक हसू थांबलं नाही. मोठ्या माणसाचं, पोट धरून हसल्यासारखं, मोकळं. आमच्या उजव्या हाताला, नकाशाच्या मागून.

गेनूनं आधी भिंतीकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.

हसू विरत गेलं. त्यामागून एक दुसरा आवाज आला, लांबून आल्यासारखा, पण स्वच्छ.

"सावळ्या, डोकं फिरलं का रं?"

आणि बाहेर खाचरात सावळारामनं रोप हातात तसंच धरून मान वर केली, कोणी हाक मारली ते बघायला.